मानाची थंडाई

नुसतं ऐक गं मृणू, मध्ये एक शब्द बोलायचा नाही. आणि चहा गार झाला तर होऊ दे.

तर सकाळची वेळ. कोल्हापूर. आमच्या पेठेतला दूध कट्टा. म्हशी एका रांगेत बांधलेल्या, हलगी कडाडतीय, तालमीची सगळी पोरं गोल करून उभी. मध्ये इंद्रजीत. डोक्याला फेटा, गळ्यात झेंडूचा हार, छाती अशी की तुझ्यासारख्या दोघी तिच्यामागं लपतील. त्यानंतर तासाभरातच त्याची मैदानातली सगळ्यात मोठी कुस्ती होती. आणि त्याच्यासमोर मी. माझ्या दोन्ही हातांत पितळेची चरवी, काठापर्यंत थंडाईनं भरलेली.

"घे की इंदरदादा," मी म्हटलं. "मानाची आहे."

त्यानं चरवीत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. आणि आई शप्पत सांगते, त्या रेड्याएवढ्या माणसाच्या वरच्या ओठावर घाम फुटला.

का फुटला, ते सांगते. पण त्यासाठी तुला आधी आमचा कट्टा कळायला पाहिजे. तू पुण्याची, तुझं दूध पिशवीत येतं. आमच्याकडं गवळी म्हशीच घेऊन येतात. गिऱ्हाईक ग्लास घेऊन समोर उभं राहतं, गवळी कासेला हात घालतो, थेट ग्लासात धार. फेसासकट तोंडाला लावायची. आणि तालीम शेजारीच, त्यामुळं सगळे पैलवान तिथंच. आमच्या पेठेत पैलवानाची मापं दोनच, एक दंडाचं आणि एक दुधाचं. कोण किती लिटर पितो याच्यावर गप्पा रंगतात.

आम्ही गवळी. आप्पांच्या म्हशी त्या कट्ट्यावर. आणि अशा घरात माझा मोठा भाऊ, सोमादा, त्याला दूध पचायचं नाही!

हसू नकोस. खरंच नाही पचायचं. ग्लासभर प्याला की तासाभरात पोटाचा नगारा, मग कळा, मग पळापळ. दही चालायचं, ताक चालायचं, मटण तर विचारूच नकोस. अंगानं दगड होता दगड. पण दूध नाही. तालमीत तो ग्लास नुसता ओठाला लावायचा आणि शेजारच्याच्या हातात द्यायचा. आईला माहीत होतं, मला माहीत होतं. आप्पांना त्यानं कधी कळू दिलं नाही. गवळ्याचा पोरगा ना तो. कुठल्या तोंडानं सांगणार?

एका वर्षी मैदानासाठी तालमीतून एकच पैलवान पाठवायचा होता. एकतर सोमादा, नाहीतर इंद्रजीत. हिंदुराव वस्तादांनी ठरवलं, दोघांची कुस्ती लावायची, जिंकेल तो जाईल. सरावात सोमादानं इंद्रजीतला बऱ्याचदा आस्मान दाखवलेलं. सगळ्यांना वाटत होतं सोम्याच जाणार.

कुस्तीच्या दिवशी सकाळी इंद्रजीत कट्ट्यावर आला आणि त्यानं सोमादाच्या गळ्यातच हात टाकला.

"सोम्या, आज तू माज्या हातनं पिणार. दोस्तीत कुस्ती."

"नको इंदरदादा. जड हुतंय."

"आरं तिच्या! गवळ्याचं प्वार आणि दुधाला भितंय? आप्पा, घालताय काय तुमी दुधात?"

सगळे हसले. आप्पापण हसले. आणि आप्पांनीच धार काढली गं. लोटा भरून पुढं केला. "पी रं, घरचंच हाय."

सोमादानं एकदा आप्पांच्या तोंडाकडं बघितलं आणि लोटा तोंडाला लावला. संपला की इंद्रजीतनं परत भरायला लावला. "अजून! अजून! हाण मर्दा!" पोरं ओरडत होती. चांगलं दीड लिटर पोटात घातलं.

मग कुस्ती. म्हणजे लगेच नाही. इंद्रजीतचा लंगोटच बसेना. बांधला, सोडला, परत बांधला. मग तेल मागितलं. मग हनुमानाच्या पाया पडायला गेला. सोमादा आपला लाल मातीच्या हौद्याच्या कडेला पोट धरून उभा. शेवटी सलामी झाली, आणि पहिल्याच झटापटीत इंद्रजीतनं मागून कब्जा घेतला आणि दोन्ही हातांनी पोट आवळलं. डाव नाही, काही नाही. नुसतं आवळलं.

पुढचं मी सांगणार नाही. अंगावर फक्त लंगोट होता आणि बघायला सगळी पेठ होती, एवढंच समज.

आणि मोबाइल होते. दुपारपर्यंत व्हिडिओ अख्ख्या गावात. त्याला गाणं लावलेलं, मृणू. गाणं!

सोमादानं तालीम सोडली. भोसरीला कंपनीत लागला. दिवाळीला आला नाही, पुढच्या दिवाळीलापण आला नाही. आई फोनवर रडायची, तो म्हणायचा, सुट्टी नाही. आणि इकडं कट्ट्यावर बोलणं सुरू झालं, गवळ्याच्या पोराचीच ही गत, मग दूध कसलं असंल? गिऱ्हाईक पलीकडच्या रांगेत जायला लागलं. आप्पांनी एक म्हैस विकली. मोकळ्या खुंट्याला रोज पाणी मारून झाडायचे मात्र.

मी तेव्हा बीएस्सीला होते, बायोटेकला. आम्हाला मगदूम मॅडम होत्या. एक दिवस त्यांनी फळ्यावर लिहिलं, एलसीटी. म्हणाल्या, ही एक जीन. प्रत्येक माणसात असते. तिच्यावरून शरीर एक प्रथिन बनवतं, लॅक्टेज. ते लहान आतड्यात बसतं आणि दुधातली साखर तोडतं. तान्हेपणी सगळ्यांचं जोरात चालू. मग मोठं होताना बऱ्याच जणांत शरीर ते बनवणं कमी करत जातं. जीन धडधाकट असते, फक्त तिच्याजवळ एक बटण असतं, ते मंद होतं. काहींना आईबापाकडून असं बटण मिळतं की ते मंद होतच नाही. ज्यांचं मंद झालं त्यांना दूध बाधतं, कारण न तुटलेली साखर पुढं मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जंतू तिचा गॅस करतात.

मी हात वर केला. "मॅडम, मग तो माणूस कमजोर असतो?"

"छे! जगातली निम्म्याहून जास्त मोठी माणसं अशीच आहेत. पोटाचा प्रश्न आहे तो, मर्दानगीचा नाही."

आणि मग प्रॅक्टिकल केलं. तान्ह्या बाळांच्या पोटदुखीवर देतात ना थेंब, त्यात हेच लॅक्टेज असतं. ते थेंब दुधात टाकून ठेवले. मग तुटलेली साखर, म्हणजे ग्लुकोज, ओळखणारी पट्टी बुडवली. साध्या दुधातली पट्टी जशीच्या तशी, थेंबवाल्या दुधातली हिरवीगार. म्हणजे पोटानं करायचं काम भांड्यातच होऊन गेलेलं.

मी वर्गाबाहेर पळत येऊन सोमादाला फोन लावला. सगळं सांगितलं. जीन, प्रथिन, बटण. "तुझं काही चुकलं नव्हतं, सोमादा. तू घरी ये."

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे त्या व्हिडिओला जाऊन सांग." आणि फोन ठेवला.

तिथं माझं डोकं फिरलं. पण इंद्रजीतचं काय करायचं ते सुचत नव्हतं. तो तर आता तालमीचा हिरो. रोज कट्ट्यावर येऊन मोठ्यानं मागायचा, "आप्पा, लिटरभर सोडा!" बिचारे आप्पा त्यालापण काढून द्यायचे.

आणि एक दिवस मी मोगरीच्या मागं शेण भरत होते. मोगरी म्हणजे आमची म्हैस. इंद्रजीत फोन कानाला लावून, ग्लास हातात घेऊन भिंतीच्या आडोशाला आला. मी खाली वाकलेली, त्याला दिसले नाही. फोनवर पलीकडं कुणी नव्हतंच. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि अख्खा ग्लास मोगरीच्या आंबोणाच्या, म्हणजे भिजवलेल्या पेंडीच्या टोपलीत ओतला. मग मिशीला बोट लावून थोडा फेस चोपडला आणि "आ हा हा!" करत बाहेर गेला.

मी तिथंच बसले. मोगरीचं नाक पांढरं झालेलं, ती माझ्याकडं बघतीय, मी तिच्याकडं.

कळलं का तुला? त्यालापण पचत नव्हतं! सोमादाला होतं तेच त्याला होतं, म्हणूनच ग्लास पुढं सरकवायची सोमादाची चलाखी त्यानं ओळखली. म्हणजे त्या दिवशी ती मस्करी नव्हती. गळ्यात हात टाकला तेव्हाच त्याला माहीत होतं काय होणार ते. लंगोट बांधत, सोडत, पाया पडत तो नुसता वेळ काढत होता, पोट फिरायची वाट बघत. अख्ख्या पेठेत ही गोष्ट इतकी बारकाईनं माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो हसत हसत म्हणत होता, अजून, अजून.

त्या दिवसापासून मी जेवताना, झोपताना एकच विचार. आणि मृणू, देवानंच दिल्यासारखी संधी आली. मैदानाच्या दिवशी सकाळी तालमीच्या पैलवानाला कट्ट्यावर मानाची थंडाई देतात. आदल्या दिवशी दूध आटवून, बदाम, खसखस, बडीशेप वाटून घालून गार करायला ठेवायची आणि सकाळी सगळ्यांसमोर पाजायची. दरवर्षी एका गवळ्याच्या घराला मान. त्या वर्षी आमचा नंबर. आणि पैलवान, इंद्रजीत.

पहिला विचार आला, पाजायची नुसती. होऊ दे त्याचं हजारो लोकांसमोर. पण मग आप्पा आठवले. आमच्या घरची थंडाई पिऊन तालमीचा पैलवान आजारी पडला, तर उरलेल्या म्हशीपण विकायला लागतील. दुधाचं नाव कायमचं जाणार.

म्हणून मी काय केलं, सांगू? मेडिकलमधून ते बाळाचे थेंब आणले. चांगल्या दोन-तीन बाटल्या. दूध आटवून गार झाल्यावर ओतले सगळे. फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी पट्टी बुडवून बघितली, हिरवीगार. मग बदाम-बिदाम घातलं. म्हणजे त्या चरवीतली थंडाई तान्हं बाळ प्यालं असतं तरी ढेकर देऊन झोपलं असतं. त्याच्या पोटाला काहीच होणार नव्हतं.

पण ते त्याला कुठं माहीत होतं?

तर आता परत त्या सकाळी ये. चरवी माझ्या हातात, त्याच्या ओठावर घाम.

"एवढी नको गं," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "कुस्ती हाय तासाभरात. जड व्हतंय."

मागून वस्ताद गरजले, "आरं, मानाची हाय! थेंब ठेवायचा न्हाई!"

त्यानं चरवी धरली. मी सोडली नाही. जवळ झाले, फेटा नीट करायचं नाटक केलं आणि त्याच्या कानात म्हटलं, "दीड लिटर आहे, इंदरदादा. सोमादाला पण एवढंच होतं ना?"

त्याचे डोळे बघायला पाहिजे होतेस तू. पण प्याला. काय करतो? घोट घोट, घोट घोट, आणि पोरं ओरडतायत, "अजून! अजून!" प्याल्यावर तो भिंतीच्या आडोशाकडं निघाला, घशात बोटं घालायला असणार, पण पोरांनी उचलूनच घेतला खांद्यावर. हलगी सुरू. तिथनं थेट टेम्पोत, टेम्पोतून थेट मैदानात. एक क्षण एकट्याला सोडलं नाही कुणी.

मी पण गेले मैदानात. बायकांच्या बाजूला अगदी पुढं बसले. समोरचा पैलवान काही फार भारी नव्हता, एरवी इंद्रजीतनं त्याला खिशात घातला असता. पण इंद्रजीत उभाच असा होता, पाय जवळ जवळ, पोट आत ओढलेलं. वाकायला भीत होता. पट काढायची, म्हणजे वाकून पाय ओढायची संधी आली, नाही काढला. दर थोड्या वेळानं माझ्याकडं बघायचा. मी आपली शेंगा खात बसलेली. मग समोरच्यानं मागून कब्जा घेतला आणि पोटाला हात घातला. बास. इंद्रजीतनं सगळं सोडून दिलं. अक्षरशः स्वतःहून पाठ टेकली. चितपट! शिट्टी वाजायच्या आत उठला आणि पळत सुटला, मंडपामागच्या संडासाकडं. लोक खोखो हसतायत.

मी पाण्याच्या टँकरजवळ जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. चेहरा असा, की काही हरवलंय आणि काय ते कळत नाही.

"काही झालं नाही ना?" मी विचारलं.

"काय घातलं हुतंस त्यात?"

"जे तुझ्या पोटात नाही ते. दूध पचवणारं प्रथिन. आतली साखर रात्रीतच तुटलेली. तुला काही होणारच नव्हतं, इंदरदादा. मस्त खेळला असतास."

तो टँकरला टेकून खालीच बसला. "म्हंजे... मी जिंकलो असतो?"

"डोळे झाकून."

मृणू, त्या क्षणाला मला जे वाटलं ना, ते आजपर्यंत परत कधी वाटलेलं नाही. गार पाणी प्यायल्यासारखं.

"तुला कसं कळलं माजं?" त्यानं विचारलं.

"मोगरीनं सांगितलं."

तो समजला. मान खाली घातली. मी म्हटलं, "उद्या सकाळी कट्ट्यावर यायचं. सगळ्यांसमोर सांगायचं, तुला दूध पचत नाही. आणि सोमादाला पचत नाही हे ओळखून तू पाजलंस. आप्पांच्या दुधात काही खोट नव्हती. नाही सांगितलंस, तर तुझा रोजचा लिटर कुठल्या टोपलीत जातो ते मी वस्तादांना दाखवते."

"केतू, वस्ताद हाकलतील मला."

"सोमादाला कुणी हाकललं नव्हतं. तो आपणहून गेला."

दुसऱ्या दिवशी तो आला. खरंच आला. फेटा नाही, हार नाही. आदल्या दिवशी खांद्यावर घेणारी पोरं आता तोंडावर टोमणे मारत होती. "आला बघा पळपुटा!" "संडास तिकडं हाय, पैलवान!" तो आप्पांसमोर उभा राहिला आणि सांगितलं सगळं. वाक्यं तुटत होती, पण सांगितलं. "मला दूध पचत न्हाई. ल्हानपणापासनं. किती वेळानं पोट फिरतंय मला ठावं हुतं, म्हणून सोम्याला पाजलं आणि वेळ काढला. आप्पा, तुमच्या दुधात काय नव्हतं."

आप्पांच्या हातातली चरवी तशीच राहिली. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि मोगरीच्या पायाशी बसले. आपण हसत हसत पोराला काय पाजलं, ते त्या माणसाला तेव्हा कळलं गं.

मला वाटलं, झालं. संपलं. पण मागून कुणीतरी खिदळलं. "हरल्यावर सुचलं व्हय रं?" दुसरा म्हणाला, "पैलवानाला दूध पचत न्हाई? बहाणा हाय बहाणा!" आणि मग एकदम चहूबाजूंनी सुरू झालं, "पाजा त्याला! बघूया काय हुतंय! पाजा! पाजा!" तीच पोरं, तोच कट्टा. मोबाइल वर झाले. दोघांनी इंद्रजीतचे दंड धरले.

वस्ताद तोंड फिरवून म्हणाले, "पाजा. खरं-खोटं आमच्या डोळ्यांदेखत हुंदे." त्यांनी आप्पांकडं बघितलं. आप्पा हलले नाहीत. मग माझ्याकडं बघितलं. "केतकी, काढ धार."

मला धार काढता येते. मी मोगरीजवळ बसले. मोठा लोटा घेतला, सोमादाला पाजलेला तोच.

बघ, त्या गर्दीत हे सगळं समजणारी मी एकटी होते. मगदूम मॅडमचं नाव घेऊन एक वाक्य बोलले असते, "सोडा त्याला, खरं बोलतोय, शरीरच तसं असतं," तर वस्तादांनी ऐकलं असतं. कॉलेजची पोरगी म्हणून ते मला मानायचे. आणि आप्पांच्या दुधाचं नाव जायची भीतीपण आता नव्हती. इंद्रजीतनंच ते सगळ्यांसमोर धुऊन दिलं होतं. मला अडवणारं काहीच उरलं नव्हतं. पाजायलापण नाही आणि थांबवायलापण नाही.

लोटा भरला. मी त्याच्यासमोर गेले. तो वाकून अगदी हळू म्हणाला, "केतू... यात ते हाय? काल घातलेलं?"

ताजी धार होती. फेस पण बसला नव्हता.

मी लोटा तिरका करून त्याला तो फेस दाखवला. त्याला कळलं. तो म्हणाला, "ताई, नको." आयुष्यात पहिल्यांदा मला ताई म्हणाला, माझ्यापेक्षा एवढा मोठा माणूस.

सोमादापण 'नको'च म्हणाला होता.

मी लोटा पुढं केला. त्याच्या ओठाला लावला.

आता बोल, मृणू. आता तू बोल. तू असतीस तर काय केलं असतंस?